वरकमाईची वही

‘घरबसल्या चार पैसे मिळवणे’ हा बाईच्या कामाबद्दल बोलताना आपल्याकडे सहज वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे. पापड, शिवणकाम, विड्या, पोळ्या लाटून देणे, डबे करून देणे, सगळे त्यात बसते. तो इतका सवयीचा झाला आहे की हे चार पैसे नेमके किती, आणि ते हाती येईपर्यंत पदरचे किती घालावे लागतात, हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळींबद्दल जे काही छापील मिळते ते गेली काही वर्षे मी जमवत आलो आहे. गिरण्यांवर आणि संपांवर लिहिलेली पुस्तके कपाटभर निघतील. खाणावळ त्यांत येते ती परिच्छेदापुरती, बहुधा चाळीच्या वर्णनात, नळावरची भांडणे आणि भजनी मंडळ यांच्या मधे. माझ्या मते तिची खरी जागा वर्णनात नाही, हिशेबात आहे. कापडधंदा चालायला जे भांडवल लागत होते त्यातला एक भाग चाळीतल्या दहा बाय सोळाच्या खोलीतून, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या उधारीतून येत होता.

आधी शहराकडे पाहू. कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. तिथे राबायला आलेली माणसे मुंबईची नव्हतीच. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर शंभरातले चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता) जन्मलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाजवळ जात होते. हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. पुरुष मुंबईत आणि घर कोकणात किंवा घाटावर, अशी ही विभागणी होती. बायकोने गावी शेत सांभाळायचे, म्हाताऱ्यांना बघायचे. पुरुषाने गिरणीत साचे सांभाळून मनीऑर्डर पाठवायची. सरकारने १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या. नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. अशा खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरीने त्याच जागेवर पथारी टाकायची. या माणसांना चूल नव्हती आणि ती पेटवायला वेळही नव्हता.

खाणावळ उभी राहिली ती या गरजेवर. पाटी लावलेल्या, बाकडी टाकलेल्या खाणावळी वेगळ्या. इथे ज्यांच्याबद्दल बोलतो आहे त्यांना पाटी नव्हती. चाळीत संसार करणारी बाई आपल्या माणसांच्या जोडीला आणखी दहा, वीस, कधी तीस जणांचे रांधायची. मालवणी बाईकडे भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्या बाईकडे भाकरी आणि झणझणीत आमटी, रविवारी शक्य तर मटण. गावचा माणूस गावच्या चवीच्या घरी जेवायचा. त्यामुळे ओळख, जात, भावकी हे सगळेही त्या ताटात वाढले जाई, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्याचा डबा तयार हवा म्हणजे बाईने चारच्या आधी उठायचे. दुपारपाळीचा माणूस मध्यरात्री सुटणार, त्याचे ताट झाकून ठेवायचे. रात्रपाळी सुरू असेल तर चूल विझायचीच नाही. हे झाल्यावर जे करायचे ते तिचे ‘घरकाम’.

आता उधारीकडे येतो, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. गिरणीत पगार महिन्याचा आणि तोही मागाहून मिळणारा. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मर्यादा घातली: हजारांहून कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांत, त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार झाला पाहिजे. म्हणजे कायदा पाळला गेला तरी एक तारखेला कामाला लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडणार चाळिसाव्या दिवशी. या चाळीस दिवसांत त्याने जेवायचे कुठे? वीस माणसे दोन वेळा जेवतात असे धरले तर चाळीस दिवसांची सोळाशे ताटे होतात. एक पैसा हाती यायच्या आत बाईने सोळाशे ताटे वाढलेली असतात. गिरणीने कामगाराचा महिन्याचा पगार स्वतःकडे वापरला आणि तेवढ्या काळात त्याला जगवले चाळीतल्या बाईने. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या ताळेबंदात या रकमेला कुठलाही रकाना नव्हता.

बाईकडे तरी भांडवल कुठून असणार? तिने वाण्याकडून तांदूळ-डाळ उधार आणायची आणि वाणी भावातच व्याज लावून घ्यायचा. तेवढ्याने भागले नाही की सावकार. पाटल्या, नथ, शेवटी मंगळसूत्रातले सोने गहाण पडायचे. पगार झाला की गडी पैसे आणून देत, ते वाण्याकडे जात आणि दुसऱ्या दिवसापासून नवा महिना उधारीवर सुरू होई. ‘खाणावळवाली’ म्हटल्यावर जेवण विकणारी बाई डोळ्यासमोर येते. खरे तर ती स्वतः कर्ज काढून पुढे बिनव्याजी कर्ज देत होती आणि वसुलीची हमी म्हणून तिच्याकडे एका वहीखेरीज काही नव्हते. बदली कामगारांचे तर विचारायलाच नको. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असला तर काम मिळायचे, नाहीतर परत. त्याला महिन्यात किती दिवस भरतील हे त्यालाही ठाऊक नसे, पण भूक तीसही दिवस लागे.

या बायका आल्या कुठून, याचे एक उत्तर गिरणीतच सापडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीळ खात्यांत. पुढे रात्रीच्या कामावर बंदी आली, १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, आणि यंत्रे बदलली. कायदे बाईच्या भल्याचेच होते. पण मालकाने त्यांतून एवढाच अर्थ काढला की बाई महाग पडते. त्यांचे प्रमाण उतरत गेले. गिरणीतून बाहेर पडलेल्या, नवरा गेलेल्या, नवऱ्याची नोकरी सुटलेल्या बाईला त्याच चाळीत राहून करता येण्याजोगा धंदा उरला तो हा. ‘फावल्या वेळात’ म्हणून तो करणारी कुणी असेल तर ती मला कागदात भेटलेली नाही.

संपाच्या वेळी हे सगळे उघडे पडे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. इतके महिने संप टिकला याचे श्रेय आपण पुढाऱ्यांना, लाल बावट्याला, कामगारांच्या एकजुटीला देतो, आणि ते खरेही आहे. पण अनेकजण गावाकडे गेले तरी मागे राहिलेल्यांना वाण्याची आणि खाणावळीची उधारी हाच निधी होता. १९७३-७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपातही तेच घडले. खाणावळवाल्यांनी संपकऱ्यांना जेवू घातले. संप मिटल्यावर वाटाघाटीच्या टेबलावर महागाई भत्त्याची चर्चा झाली, वाण्याचा आणि सावकाराचा बोजा मात्र बायांच्या डोक्यावर तसाच राहिला.

ही गोष्ट जिच्या नजरेत भरली ती प्रेमा पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेली, गिरणी कामगारांच्या कम्युनिस्ट चळवळीत काम केलेली ही बाई. युनियनची सभासदसंख्या मोजायची तेव्हा खाणावळवाली कोणत्याच रकान्यात येत नाही, हे त्यांनी आतून पाहिले होते. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. गरिबाला कर्ज द्या असे सरकार सांगत होते आणि गरिबाकडे तारण काय, असे बँक विचारत होती. पहिल्या चौदा बायांना बँक ऑफ बडोदाकडून दीड-दीड हजार रुपयांचे कर्ज मिळाले. सोने नाही, जागेचे कागद नाहीत; एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि फेडायचे. यात दयेचा भाग नव्हता हे मला महत्त्वाचे वाटते. पुरवांनी या बायांना नवा धंदा शिकवला नाही, कुठले ‘प्रशिक्षण’ दिले नाही. त्यांचा धंदा होताच आणि चालतही होता. फक्त त्यातली व्याजाची गळती त्यांनी हेरली आणि सावकाराच्या जागी बँक आणून बसवली.

गिरगावातली लिज्जतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. गिरणगावापासून हे ठिकाण दोन-तीन मैलांवर, पण हिशेबाची रीत अगदी उलटी. लाटण्याची मजुरी, म्हणजे ‘वणाई’, रोजच्या रोज हातात. पीठ संस्थेचे, विक्री संस्थेची. बाईची उधारी कुणावर नाही आणि तिच्यावर कुणाची नाही. असे असले तरी घर इथेही फुकट कामाला लागतेच. पापड वाळवायला स्वच्छ, मोकळी जागा घरात असावी लागते. सुरुवातीच्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवण्याची युक्ती निघाली. ती खाट माणसांच्या झोपायच्या जागेतलीच असणार.

सरकारदरबारी या कामाची नोंद कशी होत होती, हे जनगणनेच्या आकड्यांत दिसते. १९६१ च्या जनगणनेत देशात सुमारे ५ कोटी ९० लाख स्त्रिया ‘काम करणाऱ्या’ होत्या. १९७१ मध्ये त्या ३ कोटी १० लाखांच्या घरात आल्या. दहा वर्षांत पावणेतीन कोटींहून अधिक बायांनी काम सोडले असे नाही. प्रश्न बदलला होता. ‘मुख्य काम कोणते?’ असे आधी विचारले गेले आणि दारात उभ्या असलेल्या बाईने किंवा तिच्या घरच्यांनी उत्तर दिले, ‘घरकाम’. तिथेच ती कामकऱ्यांतून वजा झाली. वीसजणांचे रांधणाऱ्या बाईला तरी दुसरे काय उत्तर सुचणार? चूल तीच, पातेले तेच. अन्नपूर्णा मंडळ निघाले ते या गणनेनंतर चार वर्षांनी.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आधीच्या संपांप्रमाणे हाही मिटेल, थकलेले पैसे येतील, या हिशेबाने खाणावळी पहिले काही महिने चालू राहिल्या असणार. तसे न करता गिऱ्हाईक टिकलेच नसते. या वेळी तसे झाले नाही. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही, हजारो माणसे गावी गेली ती परतली नाहीत आणि वह्यांतली नावे तशीच राहिली. बंद पडलेल्या गिरण्यांच्या बाबतीत पुढे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बँकांची येणी यांवर वर्षानुवर्षे दावे चालले. खाणावळीची थकबाकी हे येणे कुणी कुणाकडे मागायचे?

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले आणि २०१२ साली म्हाडाने मोठी सोडत काढली. पात्रतेची अट होती ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असण्याची. पुराव्यादाखल गिरणीचे ओळखपत्र, हजेरीपत्रक, पगाराची पावती, कामगार विम्याचे कार्ड असे कागद मागितले गेले. खाणावळवालीकडे कागद होता तो वहीचा. त्यात कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला, किती दिवस जेवला, हे सगळे लिहिलेले असे. तिचे स्वतःचे नाव तेवढे त्यात कुठे नसे.