निवडून आल्यावर : ब्रिटनच्या युरोपविरोधकांची गोष्ट

निवडणुकीची ड्युटी आली की आम्ही शिक्षक मंडळी आधी कुरकुरतो आणि मग मुकाट्याने जातो. एका खेपेला माझ्याकडे शाई लावायचं काम होतं. एका वृद्ध खालांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं, शाई लावून घेतली, बोटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, ये चुनके आके पलट गया, तो ये स्याही मिटती क्या?" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. इतिहास वाचताना तो अधूनमधून भेटत राहतो. अलीकडे भेटला तो ब्रिटनच्या इतिहासात, आणि तोही एका उर्दू शिकलेल्या इंग्रजामुळे.

त्याचं नाव इनॉक पॉवेल. वयाच्या पंचविशीत सिडनीला ग्रीक भाषेचा प्राध्यापक झालेला विद्वान. दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकारी म्हणून दिल्लीत होता. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय व्हायचं त्याच्या मनात होतं, आणि इथली एखादी भाषा आल्याशिवाय ते जमणार नाही म्हणून गडी चक्क उर्दू शिकला. उर्दूच्या शिक्षकाला अशा माणसाबद्दल कुतूहल वाटणारच. १९४७ साली ते पदच संपलं. पॉवेल १९५० पासून हुजूर पक्षातर्फे वुल्व्हरहॅम्प्टनच्या नैर्ऋत्य मतदारसंघातून खासदार होता.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला. ब्रेक्झिटवर आपल्याकडेही बरंच लिहून आलं. पण 'युरोप नको' म्हणणारे पुढारी सत्तेजवळ गेल्यावर कसे वागतात, हे पाहायचं तर १९७० च्या दशकात जावं लागतं. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना काहीही करून देशाला युरोपीय समुदायात न्यायचं होतं. १७ फेब्रुवारी १९७२ ला त्यासाठीचं विधेयक हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ३०९ विरुद्ध ३०१ अशा जेमतेम आठ मतांनी पुढे सरकलं. हुजूर पक्षाच्या पंधरा खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं. पॉवेल त्यांत होता. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत गेलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत निवडणूक लागली. पॉवेलची जागा पक्की होती. पण ज्या धोरणाला आपला विरोध आहे त्याच पक्षाच्या तिकिटावर मतं मागणार नाही, असं म्हणून त्याने उमेदवारीच नाकारली. एवढ्यावर तो थांबला नाही. मजूर पक्ष या प्रश्नावर लोकांचा कौल घेणार आहे, तेव्हा त्यालाच मत द्या, असं त्याने जाहीर सभेत सांगितलं आणि स्वतःचं टपाली मतही त्याच पक्षाला दिलं. निकाल लागला : मजूर पक्ष ३०१, हुजूर पक्ष २९७. हीथ गेले.

निष्ठा म्हणतात ती हीच, असं कुणालाही वाटेल. मग १९६८ आठवतं. २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये याच पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध जे भाषण केलं त्यामुळे हीथ यांनी त्याला विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून काढून टाकलं. ज्यांच्याबद्दल तो तसं बोलला त्यांत पंजाबचे, मीरपूरचे लोक होते. त्यांतल्या अनेकांची बोली त्याला समजली असती. शिवाय १९६२-६३ मध्ये, मॅकमिलन सरकारने युरोपात प्रवेशासाठी अर्ज केला होता तेव्हा, हाच पॉवेल त्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होता. खुर्ची सोडून तो तेव्हा कुठे गेला नव्हता. म्हणजे ज्या ध्येयासाठी त्याने जागा सोडली ते ध्येय फार जुनं नव्हतं. 'हा माणूस शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला' हे वाक्य ऐकलं की मी हल्ली लगेच विचारतो, कशाशी?

पॉवेलच्या सांगण्यावरून ज्यांनी मजूर पक्षाला मत दिलं त्यांना काय मिळालं? हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले. १९६७ साली युरोपात प्रवेशासाठी अर्ज करणारे हेच, मग विरोधात बसल्यावर हीथ यांच्या अटींना नाकं मुरडणारेही हेच. सत्तेत येताच त्यांनी अटींवर पुन्हा वाटाघाटी केल्या, थोडंफार पदरात पाडलं, आणि 'आता राहा' असा सल्ला दिला. त्यांच्याच पक्षाच्या खास अधिवेशनाने जवळपास दोनास एक अशा मतांनी तो फेटाळला. विल्सन यांनी मंत्र्यांना मोकळीक दिली. टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कॅसल, पीटर शोअर धरून सात मंत्री उघडपणे विरोधात उतरले. ५ जून १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी 'राहू' म्हटलं.

विल्सन यांना पलटी मारणारे म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी वचन दिलं होतं ते लोकांना विचारण्याचं, आणि त्यांनी विचारलं. बेन यांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सार्वमताची मागणी मुळात त्यांची. हरल्यावर त्यांनी कौल मान्य केला, ऊर्जा खात्याचा कारभार घेतला आणि १९७७ मध्ये ब्रिटनच्या पाळीला युरोपीय ऊर्जामंत्र्यांच्या परिषदेचं अध्यक्षपदही भूषवलं! मात्र १९८३ मध्ये मजूर पक्षाने नवं सार्वमत न घेताच बाहेर पडण्याचं वचन जाहीरनाम्यात टाकलं, तेव्हा बेन त्याच्याही बाजूने होते. पक्ष आपटला, आणि ब्रिस्टलमध्ये बेनही पडले.

त्याच जाहीरनाम्यावर त्याच दिवशी दोन नवे खासदार निवडून आले : टोनी ब्लेअर आणि जेरेमी कॉर्बिन. चौदा वर्षांनी पंतप्रधान झालेले ब्लेअर युरोपचे उघड समर्थक होते. कॉर्बिन मागच्या बाकावर बसून मास्ट्रिख्ट करारालाही विरोध करत राहिले. पण २०१६ मध्ये तेच पक्षाचे नेते होते आणि बहुतेक खासदारांना राहायचं होतं, तेव्हा कॉर्बिन यांनीही, काहीशा थंडपणे का होईना, 'राहा' म्हणून प्रचार केला. मागच्या बाकावर निष्ठा स्वस्त पडते. पुढे येऊन इतरांना बरोबर न्यायचं म्हटलं की तिची किंमत कळते.

आणि बार्बरा कॅसल. १९७५ ला विरोधात, १९७९ ला थेट युरोपीय संसदेवर निवडून, तिथे दहा वर्षं. तिथलं काम पाहून त्यांनी बाहेर पडण्याचा आग्रह सोडला, तोही पक्ष उलट दिशेने पळत असताना, आणि उघडपणे. याला मी बेइमानी म्हणणार नाही. मत ही अमानत आहे असं आपण म्हणतो. अमानत सांभाळणाऱ्याने हिशेब द्यायचा असतो. मत बदललं म्हणून नव्हे, न सांगता बदललं म्हणून मी नेत्याला दोष देईन. आपल्याकडे तर रात्रीतून गाडी भलत्याच शहरातल्या हॉटेलकडे वळते आणि मतदाराला सकाळी टीव्हीवर कळतं.

पॉवेल ऑक्टोबर १९७४ मध्ये उत्तर आयर्लंडमधून पुन्हा निवडून आला आणि १९८७ पर्यंत खासदार राहिला. वुल्व्हरहॅम्प्टनची त्याची जुनी जागा हुजूर पक्षाच्याच निकोलस बजन यांनी राखली. गंमत अशी की तेही युरोपविरोधक निघाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये युरोपच्या निधीवरून सरकारला साथ न दिल्याबद्दल ज्या आठ खासदारांना जॉन मेजर यांनी संसदीय पक्षाबाहेर काढलं, त्यांत ते होते. १९९७ ला ती जागा मजूर पक्षाकडे गेली. २०१० मध्ये हुजूर पक्षाने ती परत मिळवली, आणि निवडून आलेल्या खासदाराचं नाव होतं पॉल उप्पल, पंजाबी शीख कुटुंबातले.