डोक्यातलं केमिकल आणि जंगलातलं मूळ

आजची गोष्ट एका वाक्याची आहे. हे वाक्य तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल, हॉस्टेलवर एखाद्या मैत्रिणीकडून ऐकलं असेल. "डिप्रेशन म्हणजे मेंदूतलं केमिकल कमी होणं."

मी ते पहिल्यांदा एका डॉक्टरांच्या केबिनमध्ये ऐकलं. तेव्हा मला सकाळी उठून ब्रश करणंही जमत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "डायबिटीसमध्ये इन्सुलिन कमी पडतं ना, तसं तुझं सेरोटोनिन कमी पडतंय." घरी येऊन मी आईला जसंच्या तसं सांगितलं. तोवर आई म्हणायची, "मन जरा खंबीर ठेव गं." त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर बशीत दोन गोळ्या यायला लागल्या. एक बाबांची शुगरची, एक माझी.

मग २०२२ साली एक बातमी वाचली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले होते. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन होतं याला ठोस पुरावा सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी हादरलेच. म्हणजे मला खोटं सांगितलं होतं? हे वाक्य आलं कुठून, हे शोधत गेले, आणि पोचले ती आपल्याच जंगलातल्या एका झुडपापाशी. सर्पगंधा!

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे फार जुन्या काळापासून औषधात आहे. बिहारकडे तर लोक त्याला 'पागल की दवा'च म्हणायचे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर एक लेख छापला. वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर हे औषध चालतं, असं त्यांनी मांडलं. मग १९४९ मध्ये आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० पेशंटचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिला, आणि बाहेरच्या जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव रेसरपिन. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. सतत अस्वस्थ, आक्रमक असलेले पेशंट शांत होत होते. त्याआधी अशा हॉस्पिटलांत काय चालायचं? कोंडणं, बांधणं, विजेचे झटके, मेंदूवरच्या शस्त्रक्रिया. तिथं आता एक गोळी काम करत होती. फ्रान्समधून क्लोरप्रोमझिन हे दुसरं औषधही त्याच सुमारास आलं. गोळीनं फरक पडतो, तर आजार शरीरातच कुठंतरी असणार, हा विचार इथं जोर धरू लागला. १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत क्लाइन होते आणि आपले वकीलही होते.

आता पुढचं बघा. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही पेशंट उदास व्हायला लागले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रेसरपिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. दुसरीकडे टीबीवरच्या आयप्रोनायझिड या औषधानं पेशंटचा मूड सुधारत होता, आणि ते औषध सेरोटोनिनसारखी द्रव्यं शरीरात मोडू देत नव्हतं. झालं, दोन्ही टोकं जुळली! केमिकल घटलं की उदासी, वाढलं की उभारी.

पण त्याच १९५५ मध्ये लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांनी चिंता आणि उदासी असलेल्या पेशंटनाच रेसरपिन दिलं. हिशोबानं ते आणखी खचायला हवे होते, तर उलट त्यांना बरं वाटलं. हा निकाल गोष्टीत बसत नव्हता. तो मागे पडला.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ शिल्डक्राउट यांनी ही केमिकलची कल्पना नीट मांडली. त्यांचा भर सेरोटोनिनवर नव्हता, नॉरएपिनेफ्रिनवर होता. आणि हे फार तर एका गुंतागुंतीच्या गोष्टीचं ढोबळ रूप आहे, असं त्यांनी स्वतःच त्यात लिहिलं होतं. पण 'ढोबळ', 'फार तर' असले शब्द जाहिरातीत टिकत नाहीत. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळाली, तशाच आणखी गोळ्या आल्या, आणि अंदाजाचं ठाम वाक्य झालं. तेच वाक्य फिरत फिरत माझ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये आलं.

मग गोळी खोटी का? अजिबात नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. २१ औषधं तपासली होती, आणि मोठ्या माणसांच्या डिप्रेशनवर ती सगळी बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीनं फार मोठा नव्हता, पण होता. डोकं दुखताना क्रोसिन घेतली आणि बरं वाटलं, म्हणून काय डोक्यात क्रोसिन कमी पडली होती? औषध लागू पडणं वेगळं, आजाराचं कारण कळणं वेगळं.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं आधी घाबरून विचारलं, "मग गोळी बंद करणार?" मी म्हटलं, "नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच." मग ती म्हणाली, "पण मग तुला झालं काय होतं?"

हा प्रश्न तिनं मला पहिल्यांदाच विचारला होता. त्या वर्षी माझी नोकरी गेली होती आणि आजी गेली होती. रात्र रात्र झोप नव्हती. आई म्हणाली, "दिसत होतं गं मला. पण डॉक्टरांनी केमिकल म्हटलं, मग मी काय विचारणार?"

त्या वाक्यानं आमच्या घरातली लाज घालवली, हे मी विसरणार नाही. गोळी बशीत आली ती त्याच्यामुळेच. पण त्याच वाक्याआड आम्ही दोघी इतके दिवस गप्पही बसलो होतो.

तर मंडळी, कुणी गोळ्या घेत असाल तर हा भाग ऐकून मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि फारच जड वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.