पाडव्याचे साल

गुढीपाडवा म्हटला की पैठण आणि शालिवाहन ही नावे ओघानेच येतात. मातीच्या पुतळ्यांत प्राण ओतून शालिवाहनाने शकांचा पराभव केला, अशी आख्यायिका आहे. इ. स. ७८ पासूनची ही कालगणना जुन्या कोरीव लेखांत मात्र नुसती शकांच्या नावाने येते. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनंतर जोडले गेले. तो वाद विद्वानांवर सोपवून आम्ही गोदावरीला मिळणाऱ्या सिंदफणेच्या काठी, बीड जिल्ह्यातील माजलगावाकडे वळतो. तेथे पाडव्याचे नाते राजापेक्षा शेताशी अधिक निकटचे आहे.

चैत्र शुद्ध प्रतिपदेपर्यंत रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा खळ्यावरून घरी आलेला असतो. वेळूच्या काठीला नवे वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी व फुलांची माळ बांधून वर तांब्या पालथा घालतात. कडुलिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा व हरभऱ्याच्या डाळीसह वाटून खातात, नव्या पंचांगाचे वाचन होते, पानात पुरणपोळी असते. गुढी उभारण्याचा उल्लेख चौदाव्या शतकातील संत चोखामेळ्याच्या अभंगातही आहे. तेव्हा ती केवळ राजवाड्यांची खूण नव्हती, हे उघड आहे.

एवढे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आढळते. मराठवाड्यात याच दिवशी सालगड्याचे साल भरते व नवे सुरू होते. ज्वारी किती, रोकड किती, कपडे, वहाणा, घोंगडी यांचा ठराव पाडव्याच्या आधी होई. निजामी राजवटीत सरकारी दप्तर फसली सनाने चाले. शेतावरचा हिशेब मात्र पाडवा ते पाडवा. या सणाचा खरा इतिहास आम्हांला या हिशेबात दिसतो. घेतलेली उचल फिटली नाही, तर गड्याला दुसरा धनी पाहण्याची मोकळीक नसे. गुढी नवी, दार जुनेच! वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, पण उचल राहिली.

पुढे १९८७ मध्ये माजलगावचे धरण पूर्ण झाले आणि भोवती ऊस वाढला. तरीही बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन परमुलखात ऊसतोडीला जातात व पाडव्याच्या आगेमागे परततात. कारखान्याचा पट्टा पडण्यास उशीर झाला, तर गावातल्या घराला कुलूपच असते, आणि पाडवा उसाच्या फडाशेजारी, कोपीपुढे होतो.