खर्ज कुणाचा? बॅरिटोन आणि सात-तारी गिटारची कुळकथा

पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ 1961 सालचं, आणि कॉर्न या बँडचा पहिला अल्बम 1994 सालचा. पहिलं संथ, विरहाचं. दुसरं किंचाळणारं, रागाने फुटलेलं. दोन्ही आवडणारा श्रोता विरळाच. तरी ही दोन ध्वनिमुद्रणं एकामागोमाग लावा आणि गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त तळाशी काय चाललंय ते ऐका.

‘क्रेझी’ नॅशव्हिलमध्ये मुद्रित झालं. बॉब मूर उभा डबल बेस वाजवत होता आणि हॅरल्ड ब्रॅडली सहा तारांचा इलेक्ट्रिक बेस. नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा ही जोडी रुळलेली होती. डबल बेसचा स्वर भरदार, पण त्याची सुरुवात मऊ. छोट्या रेडिओवर तो विरून जायचा. म्हणून तेच स्वर सहा तारांच्या बेसवर, तळहाताची कड तारांवर दाबून, पिकने वाजवायचे. त्या कोरड्या टकटकीमुळे स्वर नेमका कुठे पडला ते कळायचं. तिथले वादक या पद्धतीला ‘टिक-टॅक’ म्हणत.

आता कॉर्न. मंकी आणि हेड या गिटारवादकांच्या सात-तारी गिटार एक पूर्ण स्वर उतरवून खालच्या ‘ए’वर लावलेल्या आहेत आणि सगळं वजन त्यांनीच उचललंय. मग फील्डी त्याच्या पाच-तारी बेसवर काय करतो? तो तारांना थापा मारतो, आणि ऐकू येते ती मुख्यतः टकटक. म्हणजे नॅशव्हिलमधली वाटणीच इथे आहे, फक्त माणसं उलटी बसली आहेत. तिथे बेसने भार घेतला आणि गिटारच्या भावंडाने ठोका दाखवला. इथे गिटारने भार घेतला आणि बेस ठोका दाखवतोय. माझ्या माहितीतल्या कुणी ही दोन टोकं एकत्र बांधलेली नाहीत, पण मला ही गाठ पक्की वाटते. खाली उतरण्यासाठी बॅरिटोन घ्यावी की सात-तारी, या नेहमीच्या वादाचं उत्तरही तिच्यातच आहे.

वाद असा आहे. नेहमीच्या गिटारची जाड तार ‘ई’, म्हणजे सेकंदाला सुमारे 82 कंपनं. त्याखाली ‘बी’पर्यंत, सुमारे 62 कंपनांपर्यंत, जायचं तर दोन सरळ वाटा आहेत. बॅरिटोनवर सहाही तारा चार स्वर खाली येतात: बी-ई-ए-डी-एफ शार्प-बी. सात-तारीवर जुन्या सहा तारा जागच्या जागी राहतात आणि खाली एक ‘बी’ वाढते. सर्वांत खालचा स्वर दोन्हीकडे एकच. मंडळी मग गळ्याची रुंदी आणि किंमत यांवर निकाल लावतात. मी आधी कुळ विचारतो.

बॅरिटोन बेसच्या घरातली आहे. न्यू जर्सीत नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने 1956 मध्ये सहा तारांचा बेस काढला. मॅसोनाइटचा दाबीव तक्ता, लिपस्टिकच्या नळकांड्यांत बसवलेले पिकअप, आणि गिटारसारखंच ट्यूनिंग, पण पूर्ण सप्तक खाली. ड्वेन एडीने त्याचा गुंजारव लोकप्रिय केला, 1961 मध्ये फेंडरने 30 इंची ‘बेस सिक्स’ आणला, आणि 1968 च्या ‘विचिता लाइनमन’मधली ग्लेन कॅम्पबेलची ती उदास सुरावटही याच जातीच्या वाद्यावरची. पण त्या सप्तकात एकेरी सुरावट शोभते, कॉर्ड धरली की चिखल होतो. 41 कंपनांच्या ‘ई’वर तीन-चार स्वर एकदम छेडून पाहा. माझा तर्क असा की कॉर्ड स्वच्छ ऐकू याव्यात म्हणूनच वादकांनी हे वाद्य चार-पाच स्वर वर ओढून ‘ए’ किंवा ‘बी’वर आणलं, आणि आजची बॅरिटोन तयार झाली. लोक तिला उतरवलेली गिटार समजतात. मी तिला चढवलेला बेस म्हणतो. टिक-टॅकचा मान हॅम्बुर्गला देणारेही आहेत, कारण बर्ट केम्फर्टच्या वाद्यवृंदात लाडी गाइसलर ‘क्रेझी’च्याच सुमारास असाच कोरडा, तुटक बेस वाजवत होता. पण गाइसलरच्या हाती साधा बेस होता. सहा तारांचं वाद्य या कामाला जुंपलं ते नॅशव्हिलने, आणि बॅरिटोनची वंशरेषा तिथूनच जाते.

सात-तारीचं कुळ मात्र भलतंच लांब आहे. रशियात अठराव्या शतकाच्या अखेरीस सात तारांची गिटार होती: डी-जी-बी-डी-जी-बी-डी. तिचा जनक म्हणून आंद्रेई सिख्राचं नाव घेतलं जातं. जन्म 1773, विल्निअसचा. तो हार्पवादक होता, म्हणून हार्पवरून त्याला हे सुचलं अशी कथा जोडली जाते. कथा गोड आहे, पण इग्नाझ फॉन हेल्ड या बोहेमियन माणसाचं सात तारांच्या गिटारचं शिक्षणपुस्तक 1798 मध्येच सेंट पीटर्सबर्गला छापलं गेलं होतं. सिख्रा तेव्हा जेमतेम पंचविशीत. इतक्या कमी वयात वाद्य शोधायचं, रुजवायचं आणि त्यावर दुसऱ्याने पुस्तकही लिहायचं, हे मला पटत नाही.

दुसरा पक्ष इंग्लिश गिटारकडे बोट दाखवतो. नावाने गिटार असली तरी ती सिटर्नच्या जातीची, धातूच्या तारांची, सी-ई-जी-सी-ई-जी अशी लावलेली. सेंट पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यांत तीही पोचली होती. आता रशियन गिटारची सर्वांत खालची ‘डी’ झाकून ठेवा. उरतं जी-बी-डी-जी-बी-डी: सा, ग, प, सा, ग, प. इंग्लिश गिटारही सा-ग-प-सा-ग-प. रचना जशीच्या तशी, फक्त षड्ज वेगळा. म्हणजे रशियनांनी उसन्या सहा तारांखाली एक खर्जाचा पंचम जोडला. हार्पच्या कथेत अशी नेमकी जुळणी कुठे आहे? सिख्राचं श्रेय वेगळं आणि तेही मोठंच: त्याने या वाद्यासाठी ढीगभर रचना केल्या आणि शिष्य घडवले.

ती तार तिथे का लागली असेल? रशियन प्रेमगीतांची साथ बहुतेक वेळा एकटी गिटार करायची. खाली दुसरं कुणी नव्हतं. इथून माझं सूत्र सुरू होतं: सातवी तार जिथे बेस नसतो तिथे उगवते.

पुढचा मुक्काम रिओ. ब्राझीलच्या शोरो संगीतात सात-तारी गिटारशिवाय पान हलत नाही. तिचे सुरुवातीचे वादक तूते आणि शिना. शिना हा शोरोचा थोर संगीतकार पिशिंगिन्या याचा भाऊ. रिओत राहणाऱ्या रशियन रोमा लोकांच्या हातात सात तारांची गिटार पाहून त्यांनी ती उचलली, अशी एक कथा आहे. रशियातल्या रोमा गायकवृंदांची ती लाडकी गिटार होतीच, त्यामुळे ही कथा खरी निघाली तर मला आनंदच होईल. पण रशियन गिटार मोकळ्या ‘जी’ कॉर्डवर लावलेली, आणि रिओची सरळ स्पॅनिश गिटार, खाली एक ‘सी’ वाढवलेली. वाद्य उसनं आणणारा त्याचे सूर, त्याची बोटं, त्याच्या दोन-चार चाली सोबत आणतो. इथे आलीच असेल तर फक्त संख्या आली. एका तारेची कल्पना सुचायला रशियन माणूस भेटावाच लागतो का?

मला रिओतच जास्त सबळ कारण दिसतं, आणि ते पितळेचं आहे. शोरोच्या जुन्या ताफ्यांत खालच्या सुरावटी ऑफिक्लाइड नावाचं फुंकवाद्य वाजवायचं. पिशिंगिन्याचा गुरू इरिनेउ दी आल्मेदा त्यात निष्णात होता. ऑफिक्लाइड मागे पडलं आणि मुख्य सुरावटीला खालून उत्तर देणाऱ्या त्या धावत्या चाली, ज्यांना तिथे ‘बायशारिया’ म्हणतात, गिटारवाल्यांच्या अंगठ्यावर आल्या. सहा तारांत त्या मावेनात. पुढे दीनो सेते कोर्दास याने 1950च्या दशकापासून ही कला शिखरावर नेली, आणि त्याने ‘सी’साठी चेलोची तार लावली होती. सांबा गायक कार्तोलाच्या 1974च्या अल्बममध्ये त्याचा अंगठा ऐका. रिकाम्या झालेल्या खुर्चीत गिटार बसली, एवढंच.

अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्सने 1930च्या दशकाच्या अखेरीस एपिफोनकडून सात-तारी करवून घेतली, खाली ‘ए’. तो तिला मांडीवरचा पियानो म्हणे. एकट्याने सुरावट, कॉर्ड आणि बेस वाजवणारा तो माणूस. सूत्र तिथेही टिकतं.

मग रॉक गिटारवादक स्टीव्ह व्हाय येतो आणि सूत्राला धक्का बसतो. आयबनेझची ‘युनिव्हर्स’ 1990 मध्ये बाजारात आली, खाली ‘बी’, आणि व्हायच्या संगीतात बेसवादक होताच. व्हायचं मी मान्य करतो: त्याला फक्त मोठं मैदान हवं होतं. पण व्हायमुळे सात-तारीकडे वळलेल्या मंकीने तिचं जे केलं ते पाहा. बेस तळ सोडून टकटकीकडे सरकला आणि तळ मोकळा झाला. बेसवादक मंचावर असूनही बेसची जागा रिकामी होती, आणि सातवी तार तिथेच उगवली. माझ्या मते कॉर्न हा अपवाद नाही, सूत्राचा सर्वांत ठळक पुरावा आहे.

आता तारांचं गणित. तीच तार ‘ई’वरून ‘बी’वर सैल केली तर ताण सुमारे 56 टक्केच उरतो, ती लोळते आणि फ्रेटवर खडखडते. उपाय दोन: जाड तार किंवा लांब तार. स्वर आणि तार तीच ठेवली तर ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. 25.5 इंचांवरून 27 वर गेलात की सुमारे 12 टक्के वाढ, 30 इंचांवर सुमारे 38. जाडीचा उपाय स्वस्त, पण तार जितकी जाड आणि ताठ तितके तिचे वरचे उपस्वर बेसूर होतात आणि स्वर धूसर होतो. लांबीमुळे स्पष्टता मिळते, बोटांना मात्र जास्त ताणावं लागतं. ऑर्फेरियन या जुन्या इंग्लिश वाद्यावर फ्रेट तिरपे बसवून खालच्या तारा लांब आणि वरच्या आखूड ठेवत. राल्फ नोव्हाकने 1989 मध्ये तिरप्या फ्रेटचं पेटंट घेतलं तेव्हा त्या विचाराला जवळपास चारशे वर्षं झाली होती. कॉर्नने 25.5 इंचांवरच ‘ए’ वाजवला हे खरं, पण तो लोळणारा, घरघरणारा स्वर त्यांना हवाच होता.

तेव्हा खरेदीआधी आपल्या ताफ्यातला बेस नीट ऐका. तो भरदार आणि खोल असेल तर बॅरिटोन घ्या, निदान 27 इंची, आणि त्याच्या डोक्यावर कड उमटवा. कॉर्डही स्वच्छ वाजतील. बेसवादक नसेल, किंवा तो वर टकटक करण्यात रमत असेल, तर सात-तारी घ्या, विशेषतः वरच्या ‘ई’पर्यंतचे सोलो सोडायचे नसतील तर. दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी 27 इंची सात-तारीही मिळते. पण बेस तळाशी खंबीर उभा असताना सातवी तार घेऊन त्याच्याच जागेत शिरू नका. त्या गर्दीत दोघंही ऐकू येत नाहीत.