अकराव्या गुणसूत्रावर, जन्माआधी

बैहर तालुक्यातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, पाच वर्षांच्या मुलीच्या उशाशी तुम्ही बसला आहात. हातपाय दुखून ती रात्रभर कण्हते आहे. बालाघाटच्या या पट्ट्यात या दुखण्याचं नाव घराघरांत माहीत आहे: सिकलसेल.

आता तिच्या जन्माच्याही चार महिने मागे चला. ती आईच्या पोटात आहे आणि तुम्ही तिच्या यकृतातल्या एका पेशीच्या केंद्रकात उतरला आहात. या वयात तांबड्या पेशी मुख्यतः इथेच घडतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान जागेत सुमारे दोन मीटर डीएनए दाटला आहे. हिस्टोन प्रथिनांच्या प्रत्येक गोळ्याभोवती डीएनएची अक्षरांच्या 147 जोड्यांची लांबी, रिळावर दोरा गुंडाळावा तशी, पावणेदोन वेढे घेऊन बसली आहे. ही मांडणी रॉजर कोर्नबर्ग यांनी 1974 मध्ये सुचवली होती.

अकराव्या गुणसूत्रावर गॅमा ग्लोबिनच्या जनुकापाशी या. इथली गुंडाळी सैल आहे, हिस्टोनच्या शेपट्यांवर ॲसिटिल गट चिकटले आहेत. जनुक वाचून त्याची आरएनए प्रत उतरवणारं आरएनए पॉलिमरेज निघालं, आणि पहिल्याच गोळ्याला अडलं. थोडं मागे सरलं. एवढ्यात डीएनएचा वेढा कडेने क्षणभर सुटतो; तेवढ्यात ते पुढे घुसतं. वेढा पुन्हा बसू पाहतो, पण जागा गेलेली असते. फॅक्ट नावाचं प्रथिनसंकुल सुटू लागलेले हिस्टोन धरून ठेवतं आणि पॉलिमरेज पुढे गेलं की मागे पुन्हा बसवतं. गोळा मोडत नाही, वाचन थांबत नाही. दीड हजारांवर अक्षरं एक-दोन मिनिटांत उतरतात. त्यातून गर्भाचं हिमोग्लोबिन बनतं, अगदी निरोगी. थोडं पुढे जन्मानंतर कामाला येणारं बीटा ग्लोबिनचं जनुक आहे. त्यात एका जागी ए अक्षराऐवजी टी आहे, पण ते अजून जवळजवळ गप्प आहे.

जन्मानंतरच्या सहाव्या महिन्यात या. आता तांबड्या पेशींचा कारखाना हाडांच्या मज्जेत आहे. गॅमाच्या आरंभाआधी 115 अक्षरांवर बीसीएल11ए हे प्रथिन बसलं आहे. त्याने बोलावलेल्या साथीदारांनी ॲसिटिल गट काढले, गोळे दाटवले. पॉलिमरेजला इथे पाय टेकायला जागा नाही. ते बीटाकडे वळतं आणि चुकीचं अक्षर इमानदारीने उतरवतं. प्राणवायू सोडला की ते हिमोग्लोबिन काड्यांसारखं जुळतं, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, गॅमाचं एकही अक्षर हरवलेलं नाही. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी 2008 मध्ये दाखवलं, की बीसीएल11ए कमी केलं तर गर्भाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. त्यावर उभा राहिलेला कॅसजेव्ही हा जनुकोपचार अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केला; तेव्हा त्याची किंमत 22 लाख डॉलर होती. टोल्यावर तो पोचणार नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध पोचू शकतं, आणि बऱ्याच रुग्णांत तेही हेच हिमोग्लोबिन वाढवतं.

मुलीचा तान्हा भाऊ सध्या गॅमाच्याच भरवशावर ठणठणीत आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर त्यालाही आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. पण या वयात सिकलसेलची साधी विद्राव्यता चाचणी फसते, कारण रक्त बहुतेक गर्भाच्या हिमोग्लोबिननेच भरलेलं असतं. त्याच्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी तपासणी मागा, आणि दुखणं सुरू व्हायची वाट पाहू नका.