धागा तुटला की माग थांबतो

आजचा भाग ऐकण्याआधी एकदा तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये फेरी मारा आणि टोयोटा मोजा. आमच्या अल बर्शात हा खेळ माझी मुलगी खेळते. दोन्ही हातांची बोटं संपतात, गाड्या संपत नाहीत. शेजारच्यांची कोरोला, वरच्या मजल्यावरच्यांची प्राडो, दारात उभी असलेली कॅमरी टॅक्सी. मुलीनं एकदा विचारलं, "बाबा, ही कंपनी पहिल्यापासून गाड्याच करायची का?" मी एमबीए केलेला माणूस. टोयोटावरच्या केस स्टडीज पाठ करून परीक्षा दिलेली. तरी या प्रश्नाचं खरं उत्तर मला उशिरा कळलं आणि तेही माझ्या शेतकरी वडिलांमुळे. तीच गोष्ट आज सांगतो.

तर उत्तर असं, की ही कंपनी पहिल्यापासून गाड्या करत नव्हती. तिचं मूळ कापडाच्या मागात आहे.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ सालचा. वडील सुतार. गावातल्या बायका हातमागावर दिवसभर राबायच्या, ते पाहत हा मुलगा मोठा झाला. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचं पेटंट मिळालं. पुढे यंत्रावर चालणारा माग आला आणि त्यात एक साधी पण विलक्षण सोय होती. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. तोपर्यंत काय व्हायचं? धागा तुटायचा, माग चालूच राहायचा आणि वाव-वाव कापड वाया जायचं. म्हणून प्रत्येक मागापाशी लक्ष ठेवायला माणूस लागायचा. आता माग स्वतःच सांगू लागला, "माझं काहीतरी चुकलंय, इकडे या." १९२४ मध्ये या मागाचं 'जी' मॉडेल पूर्ण झालं आणि एक कामगार एकाच वेळी कितीतरी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क घेतले. करार होता १ लाख पौंडांचा. ज्या इंग्लंडकडून जग यंत्रं विकत घेत होतं, त्या इंग्लंडनं एका सुताराच्या मुलाकडून माग घेतला.

साकिचींचा मुलगा किइचिरो याला मात्र मोटारीचं वेड. मागाच्या कारखान्यातच १९३३ मध्ये मोटारीचा विभाग निघाला, १९३५ मध्ये पहिला ट्रक आला, १९३६ मध्ये पहिली प्रवासी गाडी आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी. आडनाव टोयोडा, पण कंपनी टोयोटा, कारण जपानी लिपीत 'टोयोटा' आठ फटकाऱ्यांत लिहिता येतं आणि आठ हा तिथे शुभ आकडा. ते पहिले ट्रक मात्र वारंवार बंद पडत. आज ज्या नावावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्याची सुरुवात रस्त्याकडेला बॉनेट उघडून झाली आहे.

महायुद्धानंतर तर कंपनी बुडायलाच आली होती. १९५० मध्ये मोठा संप झाला, दोन हजारांहून जास्त माणसं कामावरून गेली आणि किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याला ट्रक हवे झाले आणि कंपनी तरली. किइचिरो १९५२ मध्ये गेले. तोवर ताइइची ओनो नावाच्या अभियंत्यानं मागाचं तत्त्व मोटारींच्या कारखान्यात आणायला घेतलं होतं. कामगाराला चूक दिसली तर त्यानं दोरी ओढायची, गरज पडली तर सगळी रांग थांबवायची. साहेबाची परवानगी लागत नाही. आज आम्ही आयटीवाले भिंतीवर चिठ्ठ्या लावून 'कानबान' म्हणतो ना, तो शब्दही त्याच कारखान्यातून आलेला.

आता आपल्या वाळवंटाकडे येऊ. १९५१ मध्ये टोयोटाची जीपसारखी गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली. १९५४ मध्ये तिला लँड क्रूझर हे नाव मिळालं. १९५५ पासून अल फुत्तेम यांनी इथे टोयोटा विकायला सुरुवात केली. तारखा नीट ऐका. दुबईला तेल सापडलं १९६६ मध्ये आणि अमिराती एक देश झाल्या १९७१ मध्ये. म्हणजे गाडी आली तेव्हा तेल नव्हतं, देश नव्हता, नाव घेण्यासारखे रस्तेही नव्हते. रेतीत रुतणार नाही, उन्हात तापणार नाही आणि बिघडलीच तर कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होईल अशी गाडी लोकांना हवी होती. जुन्या गाडीला इथे अजून जी किंमत येते, तिचं मूळ या गरजेत आहे.

आणि आपल्या मराठी माणसाचा यात काय संबंध? फार जवळचा आहे.

साकिचींच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं आणि यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेल्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकानं विणणाऱ्या बायकांचे कष्ट पाहिले, दुसऱ्यानं नांगरणाऱ्या शेतकऱ्यांचे. दोघे कधी भेटले नाहीत. पण त्यांची घराणी भेटली. १९९५ मध्ये आधी कापडाच्या यंत्रांसाठी भागीदारी झाली, मग १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर. किर्लोस्करांची चौथी पिढी, विक्रम किर्लोस्कर, यांनी ती उभी केली. बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना झाला आणि २००० च्या जानेवारीत क्वालिस आली.

क्वालिस आठवते? दिसायला अगदी पत्र्याची पेटी. मी पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागलो तेव्हा रात्रपाळीची कॅब म्हणजे क्वालिसच. आठ जण कोंबून पहाटे घरी सोडायची. २००५ मध्ये ती बंद करून इनोव्हा आणली तेव्हा आमचे ड्रायव्हरकाका हळहळले होते. पुढे त्यांनीच इनोव्हा घेतली आणि पंढरपूर, शिर्डी, गणपतीपुळे अशा वाऱ्या सुरू केल्या.

माझे वडील पलूस तालुक्यातले. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. मागच्या हिवाळ्यात ते इथे आले आणि आम्ही सगळे जबल जैसला निघालो. माझी गाडी जुनी, वापरलेली घेतलेली. कोणती ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. कूलंटचा दिवा दोन आठवडे लुकलुकत होता आणि मी "पुढच्या शुक्रवारी बघू" म्हणत होतो.

घाटात वडील म्हणाले, "काटा चढतोय बघ. बाजूला घे, बंद कर."

मी म्हटलं, "बाबा, वर पोचलो की बघू. मागे गाड्या आहेत."

"अरे, इंजिन जळायच्या आधी बंद करायचं असतं. जळल्यावर ते आपोआपच बंद होतं."

मी ऐकलं नाही. दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी वळणावरच थांबली. मागे बायको आणि मुलगी, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. मागच्या गाडीनं वेळीच ब्रेक लावला म्हणून आज हा कार्यक्रम करतोय. रिकव्हरी येईपर्यंत तीन तास वडील एका दगडावर बसून होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "विहिरीवर आवाज बदलला की मी पाणी अर्धवट सोडून इंजिन बंद करायचो. तुला कंपनीत हे शिकवत नाहीत होय?"

शिकवतात. मीच शिकवतो. साकिचींच्या मागाच्या चित्रासह.

आणि गंमत अशी, की हा धडा खुद्द टोयोटाही एकदा विसरली. २००९ मध्ये अमेरिकेत अडकलेल्या अ‍ॅक्सिलरेटरचं प्रकरण निघालं. एका अपघातात एकाच गाडीतले चार जण गेले. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१० च्या फेब्रुवारीत किइचिरोंचे नातू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहिले, माफी मागितली आणि कंपनी फार वेगानं वाढली हे मान्य केलं. २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले, ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून. मागाचा धागा तुटला होता, पण या वेळी दोरी कोणी वेळेवर ओढली नाही.

जबल जैसहून आल्यावर पुढच्याच आठवड्यात माझ्या कामात अशी वेळ आली. कामगारांच्या पगाराची नवी प्रणाली सुरू करायची होती. चाचणीत बेरीज थोडी जुळत नव्हती. "किरकोळ आहे, सुरू करून मग बघू," असं सगळ्यांचं मत. मी थांबवलं. ग्राहक चिडला, माझ्या साहेबांनी मला बाहेर बोलावून झापलं. चार दिवसांनी सापडलं, की रात्रपाळीतल्या काही कामगारांचा ओव्हरटाइम गळत होता. साहेबांनी त्यावर काही म्हटलं नाही. पण त्या महिन्यात त्या माणसांचे पैसे त्यांच्या घरी पूर्ण पोचले.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो. आपल्यापैकी बरेच जण वापरलेली गाडी घेतात. रिकॉलचं पत्र बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि तो कधीच देश सोडून गेलेला असतो. टाकाटा एअरबॅगच्या रिकॉलमध्ये टोयोटासह कितीतरी कंपन्यांच्या गाड्या होत्या. मुल्कियावरचा चासी नंबर घ्या आणि वितरकाला फोन करून विचारा. रिकॉलच्या दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. आणि दिवा लागला असेल तर पुढच्या शुक्रवारची वाट पाहू नका.

वडील आता गावी परत गेलेत. परवा फोनवर पहिला प्रश्न त्यांचाच होता, "काय रे, कूलंट बघितलंस का?" हो बाबा, बघितलं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.