स्वयंपाकघरातला व्रतस्थ

काही पुस्तके ज्या घरात जन्मतात त्या घरात वाढत नाहीत. ब्रदर लॉरेन्स या कार्मेलाइट व्रतस्थाची पत्रे आणि संभाषणे यांचे असेच झाले. देवाच्या सान्निध्यात राहण्याचा सराव शिकवणारे हे छोटेखानी पुस्तक दीर्घकाळ कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंट घरांतच अधिक आवडीने वाचले गेले.

त्यांचे मूळ नाव निकोला हेर्मान. जन्म १६१४ च्या सुमारास, लोरेन प्रांतातला. अठराव्या वर्षी हिवाळ्यातले एक निष्पर्ण झाड पाहून, याला लवकरच पालवी फुटेल, या विचाराने त्यांना देवाच्या सामर्थ्याचा जो साक्षात्कार झाला तो आयुष्यभर पुरला. परंतु आयुष्य काही सुरळीत झाले नाही. तीस वर्षांच्या युद्धात ते सैनिक होते. जखमी होऊन पायाने अधू झाले. पुढे एका खजिनदाराकडे नोकर म्हणून राहिले, तर हातून सारख्या वस्तू फुटत. अखेर १६४० मध्ये पॅरिसच्या अनवाणी कार्मेलाइट मठात ते बंधू म्हणून दाखल झाले आणि वाट्याला स्वयंपाकघर आले.

हे काम त्यांच्या मनाविरुद्ध होते, हे आपण विसरतो. चुलीपुढे उभे राहण्याची त्यांना उपजत नावड होती, आणि तिथे ते पंधरा वर्षे राबले. त्यातच आपण नरकात जाणार, या भीतीने त्यांना चार वर्षे ग्रासले होते. बर्गंडीला द्राक्षारस आणायला पाठवले, तेव्हा अधू पायामुळे नावेत पिंपांवरून लोळत फिरावे लागले! तरीही तव्यावरचे आम्लेट उलटणे, भूमीवरची काडी उचलणे, हे सारे देवाच्या प्रीतीखातर करावे, एवढाच त्यांचा नेम. चूक झाली तर देवाजवळ कबूल करायची आणि पुन्हा कामाला लागायचे. प्रार्थनेचा तास आणि कामाचा तास यांत त्यांना अंतर वाटत नसे. पुढे पाय अधिक दुखू लागल्यावर ते मठवासीयांची पादत्राणे दुरुस्त करीत बसत.

जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी ३ ऑगस्ट १६६६ रोजी त्यांची पहिली भेट घेतली व पुढील संभाषणे टिपून ठेवली. १६९१ मध्ये लॉरेन्स वारले, आणि बोफोर यांनी ती टिपणे व काही पत्रे प्रसिद्ध केली.

मात्र काळ वाईट होता. आत्म्याने केवळ निष्क्रिय राहावे, अशा शिकवणुकीवरून फ्रान्समध्ये वाद पेटला होता. आर्चबिशप फेनेलों यांनी आपल्या समर्थनार्थ लॉरेन्स यांचा दाखला दिला. आणि १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलोंच्या ग्रंथातील २३ विधाने निषिद्ध ठरवली. लॉरेन्स यांच्यावर ठपका आला नाही, पण फ्रान्सच्या कॅथलिकांत त्यांचे नाव मागे पडले. पंधरा वर्षे भांडी घासणाऱ्या माणसाचे नाव निष्क्रियतेच्या वादात सापडावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

पुस्तक जपले ते इतरांनी. प्रॉटेस्टंट विचारवंत पिएर प्वारे यांनी ते पुन्हा छापले. इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात आपल्या ग्रंथमालेत त्यातील उतारे घेतले. तिथून ते इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत गेले. कार्मेलाइट संशोधक कॉनराड द मेस्टर यांनी १९९१ मध्ये, त्रिशताब्दीच्या वर्षी, त्याची चिकित्सक आवृत्ती काढली.

डिसेंबर २०२५ मध्ये लेबाननहून परतताना पोप चौदावे लिओ यांना पत्रकारांनी त्यांच्या आध्यात्मिकतेविषयी विचारले. संत ऑगस्टीन यांच्या जोडीला त्यांनी ज्या पुस्तकाचे नाव घेतले, ते या स्वयंपाक्याचे होते.